उतारावरचा पाचोळा

आत्या, तुझं अंगण झाडून टाकलं.

हे तुलाच सांगायला हवं. बाकी कुणाला सांगितलं की ते म्हणतात, बरं झालं की. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी बुधवार पेठेत तुझा फोटो मोठा करून आणायला गेले होते. फ्रेमवाल्याने विचारलं, हसरा नाही का एखादा? मी म्हटलं, नाही, तिला फोटो काढणाऱ्यांचा राग यायचा. तो फोटो छातीशी धरून कर्वेनगरला परत आले, तर शांताकाकू आणि कात्रजहून तिच्यासोबत आलेल्या बायका हातपाय धुऊन मागच्या पायरीवर बसल्या होत्या. घरामागचा सगळा उतार, वरच्या जांभळापासून खालच्या फाटकापर्यंत, उघडा पडला होता. एक पान नाही. त्यावर सडासुद्धा घातला होता.

काकू डोळे पुसत म्हणाली, "कसं लख्ख झालं बघ. तिच्या आजारपणात कुणाला बघायला वेळच नव्हता गं."

तिला वाटलं, तू आजारी पडलीस म्हणून अंगण तसं झालं होतं. आमच्या सगळ्या बायकांना तसंच वाटलं. तू उतारावर आडव्या टाकलेल्या वाळक्या फांद्या त्यांनी मोडून पोत्यात भरल्या. फांद्यांमागे साठवलेला कित्येक वर्षांचा पाचोळा भरला. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली तडा गेलेली मडकी उपटली, कारण मयताच्या घरात फुटकं मडकं नको. एरवी काकूच्या या वाक्यावर मी तिला अर्धा तास सुनावलं असतं, आपण धम्म कशाला घेतला म्हणून. त्या दिवशी मी आधी पोती शोधायला धावले. पोती सकाळच्याच घंटागाडीत गेली होती.

त्या पहाटे उठून दोन बस बदलून आल्या होत्या. वाकून झाडता झाडता रडल्या होत्या. सांग, मी कुणावर चिडायचं?

आपल्या घरात झाडू ही साधी वस्तू नव्हती. मी लहानपणी बाबांनी छापून आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपायचे. गालावर शाई उमटायची आणि तू म्हणायचीस, पोरगी मजकूर गिळून उठली. त्या पत्रकांत पाणी होतं, शिक्षण होतं, आणि स्वच्छता तर हमखास असायची. आपली वस्ती, आपलं अंगण, आरशासारखं. का, ते मला कुणी समजवावं लागलं नाही. आजोबांनी गावात लोकांची अंगणं झाडली होती. तो झाडू त्यांनी ज्या दिवशी टाकला, त्या दिवसापासून आपल्या घरात स्वतःचं अंगण लखलखीत ठेवणं हे जगाला दिलेलं उत्तर होतं. काकूने तुझ्या अंगणात तेच उत्तर दिलं. तिचं काही चुकलं, असं मला अजून म्हणता येत नाही.

पण तू मात्र त्या उत्तराला कधी तयार झाली नाहीस. घरमालक दामले काकांकडे त्यांची पाहुणे मंडळी यायची, वरच्या गच्चीतून आपल्या पाचोळ्याकडे बघायची, आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या. मला त्यांच्या मनातलं वाक्य ऐकू यायचं. हे लोक असेच राहतात. मी तुला विनवायचे, निदान दिवाळीला तरी झाडू दे. तू चहा फुंकत बसायचीस. एकदा म्हणालीस, "माझ्या बापाने अर्धा जन्म झाडलं. माझ्या वाटचं झाडून झालंय."

मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. तू म्हणालीस, घरात मारतेच की झाडू. मातीवर मारणार नाही. मी तुझ्यावर लेख लिहीन म्हणाले. तू म्हणालीस, लिही, पत्रकबाई, पण त्यात उताराचं लिही, सावलीचं लिही, उन्हाळ्यात नळाला येणाऱ्या पाण्याचं लिही. मग कळेल तुला मी काय करते ते.

मी लिहिलं नाही. आता लिहितेय, आणि माझ्यासमोर उताराशिवाय काही नाहीच.

सावलीत जमीन ओली राहते असं मला वाटायचं. तू हसायचीस. जांभूळ सावली देतं आणि त्याच्या बदल्यात खालचं सगळं पाणी पिऊन टाकतं, हे तुझं वाक्य. मे महिन्यात त्या झाडाखालची माती उन्हातल्या मातीपेक्षा कोरडी असते. त्यात आपला उतार. वर ओतलेलं पाणी मुरायच्या आत फाटकाशी पळून जातं. म्हणून तू फांद्या आडव्या टाकल्यास, त्यांच्यामागे पाचोळा अडवलास, आणि मडक्यांतून पाणी थेंबाथेंबाने मुळांशी सोडलंस. तेही नळाचं नाही. त्यावर आपलं एकमत होतं, बहुधा एवढ्या एकाच गोष्टीवर. खालच्या वस्तीत बायका टँकरची वाट बघत कळशा घेऊन उभ्या असताना आपण झाडांना नळी लावायची नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, पालथ्या भांड्यांचं निथळलेलं, तेवढंच तुझ्या अडुळशाला आणि नेच्यांना. पाहुण्याने पेल्यात पाणी उरवलं की तू तो पेला बेसिनमध्ये रिकामा करू द्यायची नाहीस. माझ्या मैत्रिणी तुला घाबरायच्या.

दामले काकासुद्धा थोडे घाबरायचेच. आठवतं, त्यांनी एकदा जिन्यातूनच विचारलं होतं, "वाघमारेबाई, हे अंगण आहे की जंगल?" तू मान वर न करता म्हणालीस, "अहो, जंगल असतं तर आपण भाडं मागायला आला असतात का?" दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले, नातवाच्या निकालाचे म्हणून. आणि शेजारच्या सोसायटीतल्या कुणीतरी पाचोळ्यावर प्लास्टिकची पिशवी भिरकावली, तेव्हा फाटकावर पाटी त्यांनीच लावली. 'हा पाचोळा आहे, कचरा नव्हे. आपला कचरा आपल्या घरी ठेवावा.' ती पाटी अजून आहे. खाली पाचोळाच राहिला नव्हता.

तुझा कार्यक्रम नीट झाला. भंतेजींनी वंदना घेतली, सगळे पांढऱ्या कपड्यांत त्या लख्ख मातीवर सतरंजी टाकून बसले, आणि जाताना प्रत्येकजण म्हणाला, किती छान जागा आहे. मला ओरडावंसं वाटत होतं. सडा वाळून मातीवर पापुद्रा धरला होता. त्यावर पाणी ओतून बघितलं, तर ते पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळलं. अडुळशाची पानं दुपारी माना टाकायची ती संध्याकाळी उचलेनाशी झाली. नेचे कागदासारखे वाजायला लागले.

आणि मग एका सकाळी वरची टाकी भरून वाहिली. काकांचा पंप बंद करायचा राहिला. आधी अशी टाकी किती वेळा वाहिली असेल, तुझा पाचोळा ते पाणी पिऊन गप्प बसायचा. या वेळी ते उघड्या उतारावरून धावलं आणि जाताना माती घेऊन गेलं. फाटकाखालून शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चिखल. धुतलेल्या गाड्यांच्या चाकांशी लाल चिखल, आणि फाटकाबाहेर माणसं.

काका संध्याकाळी खाली आले. तुझ्या खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, तुमच्या आत्या होत्या तोवर मी या जागेला हात लावला नाही, तसा शब्दच होता माझा. आता पावसाळ्याआधी सगळा कोबा करून घेतो. टाकीच्या पाण्याने ही गत, तर जूनमध्ये काय होईल? मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. ते म्हणाले, ठेकेदार मोकळा होईपर्यंत आहेतच दिवस. जमलं तर दाखवा.

आत्या, त्या संध्याकाळी मी तुझ्यावर चिडले. सगळ्यांवर चिडायचं राहिलं होतं, ते तुझ्यावर निघालं. परक्याच्या जमिनीत एवढा जीव घालायला तुला कुणी सांगितलं होतं? मी तुला नेहमी विचारायचे, आणि दवाखान्यातही विचारलं होतं. तू म्हणालीस, "अगं, ते असं असतं," आणि सलाईन बदलायला सिस्टर आली. नंतर तू झोपलीस. पुढे तो विषय निघालाच नाही. ते कसं असतं, आत्या? मला तुझ्या वाक्याचा पुढचा भाग हवा आहे आणि तो आता या जगात कुणाकडेच नाही.

पाचोळा आणायचा कुठून, हा प्रश्न होता. मेमध्ये जांभूळ हवी तेवढी पानं टाकत नाही. मग लक्षात आलं, आपल्या गल्लीत रोज सकाळी प्रत्येक फाटकाबाहेर पाचोळ्याची पोती ठेवलेली असतात. लोक घंटागाडीची वाट बघत असतात. मला फक्त गाडीच्या आधी पोचायचं होतं.

पहिलं पोतं स्कूटरवर बसेना. पुढे ठेवलं तर हँडल वळेना, मागे ठेवलं तर घसरायला लागलं. शेवटी डोक्यावर घेतलं. आजोबांनी झाडू टाकल्यापासून आपल्या घरात कुणी लोकांच्या दारातला केर डोक्यावर घेतला नव्हता. मी घेतला. दोन पावलं चालले असेन, तेवढ्यात एका गॅलरीतून एक बाई म्हणाल्या, अगदी सहज, फोनवर बोलता बोलता, "अगं ए, तिकडचा ओला कचरापण घेऊन जा ना. तुमचा नेहमीचा माणूस आला नाही आज."

तुमचा नेहमीचा माणूस. बघ, माझ्यात आणि त्या माणसात तिने एका नजरेत नातं जोडून टाकलं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. मी कॉलेजच्या स्टेजवर बोलते तेव्हा माईक लागत नाही म्हणतात. तिथे माझा आवाज किती बारीक निघाला. म्हटलं, "मी पाचोळा नेतेय, बाई. तुमचा कचरा तुम्ही उचला." त्या म्हणाल्या, "एवढं चिडायला काय झालं?" आणि फोनवरचं बोलणं पुढे चालू झालं.

घरी आले. पोतं उतारावर रिकामं केलं आणि त्यातच बसले. आजोबांनी जे डोक्यावरून उतरवलं ते मी तुझ्यासाठी परत चढवलं. तुला हे चाललं असतं का? मला खात्री नाही. तू कदाचित ओरडली असतीस, राहू दे ते अंगण म्हणून. कदाचित म्हणाली असतीस, उद्या चुंबळ घेऊन जा, मान धरेल. दोन्ही मला तुझ्या आवाजात ऐकू येतं आणि यातलं तुझं कोणतं, ते ठरवता येत नाही. माणूस जातं तेव्हा पहिल्यांदा हेच जातं.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रोज गेले. त्या गॅलरीखालून मुद्दाम गेले.

मधे काकूचा फोन आला, जेवतेस ना नीट, असं विचारायला. मी ठरवलं होतं तिला काही सांगायचं नाही, आणि सगळं सांगितलं. पाचोळ्याचं, मडक्यांचं, चिखलाचं, कोब्याचं. आवाज चढला माझा. ती म्हणाली, "आम्ही तिच्यासाठीच केलं गं, विशा." मी फोन ठेवला आणि रडत बसले. तीही तिकडे रडत बसली असणार.

परवा सकाळी काकू दारात उभी. कात्रजहून. दोन्ही बाजूंना पाल्याने गच्च भरलेली पोती, आणि काखेत कुंभाराकडून आणलेली नवी कोरी मडकी. कंडक्टर म्हणे पोत्यांचं वेगळं तिकीट मागत होता. काकूने त्याला सांगितलं, यांना जागा देऊ नकोस, उभी राहतील. घामाने तिचं कपाळ चमकत होतं. आत न येता थेट उतारावर गेली आणि म्हणाली, कसं टाकायची ती, मला दाखव.

मी दाखवलं. फांदी आडवी, तिच्यामागे पाला, मग खालची फांदी. काकू पाचोळा मांडत होती आणि तिचे हात अडखळत होते. जन्मभर पान दिसलं की उचलणारे हात. मधेच म्हणाली, तुझी आत्या वेडीच होती. मग म्हणाली, माझ्या लग्नाआधी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. मला हे माहीत नव्हतं. तुझ्याबद्दलचं असं किती कुणाकुणाकडे पडून आहे, आणि मी कुणाला विचारायला जाणार आहे?

आज सकाळी ठेकेदार आला. सोबत काका. काकू परवापासून इथेच राहिली होती.

काका काठी टेकत उतारावरून सावकाश चालले. पाचोळ्यात काठी खुपसली, थोडी माती वर काढली, चिमटीत चोळली. कोरडी धूळ. इतक्या दिवसांच्या पोत्यांनंतर कोरडी धूळ. तुला हे करायला कित्येक उन्हाळे लागले होते, मी ते एका महिन्यात करायला निघाले होते. काकांनी ती धूळ झटकली. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, तुम्ही कष्ट घेतलेत हे दिसतंय. पण तुम्ही किती दिवस राहणार? अकरा महिन्यांचा करार. उद्या नोकरी लागेल, लग्न होईल, जाल. हे कोण बघणार? सिमेंट सोडून जात नाही.

माझ्या तोंडून बाबांची सगळी पत्रकं एकदम निघाली. कसेल त्याची जमीन, असं मी त्यांना म्हटलं. अंगणात, ठेकेदारासमोर.

"मग घरपट्टीही भरा," काका म्हणाले.

ठेकेदार हसला. काकूसुद्धा हसली, आत्या, तोंडाला पदर लावून. मग मी हळू आवाजात म्हटलं की माझं जाऊ द्या, पण जांभळाच्या बुंध्याशी कोबा केलात तर त्याच्या मुळांना पाणी मिळणार नाही, झाड जाईल. काकांनी वर बघितलं. ते झाड त्यांच्या वडिलांचं. बराच वेळ ते वरच बघत राहिले.

"अर्धं करू," ते म्हणाले. "वरचं की खालचं, तुम्ही सांगा. आत्ताच सांगा, याचा खोळंबा नको."

खाली तुझं सगळं होतं. तुझ्या हातचा अडुळसा, पानफुटी, तुझ्या खुर्चीची सपाट केलेली जागा. वर तुझं काहीच नाही, दोन वाळके नेचे आणि दुसऱ्याच्या बापाचं झाड. पण पाणी वरून येतं. वरची माती धरली तरच खाली चिखल होणार नाही, आणि झाड राहिलं तरच सावली राहील, पाचोळा राहील. हे सगळं तूच शिकवलेलं. इतकं नीट शिकवलंस की मला दुसरं काही म्हणताच येईना.

मी म्हटलं, "खालचं घ्या."

काकूने माझा दंड घट्ट धरला. कामगारांनी फावडी काढायच्या आत ती खाली जाऊन अडुळसा उकरायला बसली. मी तिच्यासोबत बसले. मुळं अर्धी तुटली. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती तो कात्रजला घेऊन गेली. या उन्हात तो जगेल असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नव्हतं, तरी बसमध्ये त्याला मांडीवर घेईन म्हणाली.

तुझा अडुळसा मी दिला, आत्या. माझ्या तोंडाने. तू गेलीस तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं.

दुपारपर्यंत खालच्या भागावर खडी पडली. काका जाताना माझ्यापाशी थांबले. ठेकेदाराला झाडाच्या बुंध्यापासून लांब थांबायला सांगितलंय, असं म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही."

"वाटलंच. वाघमारेबाईंनाही कधी झालं नव्हतं."

ते जिना चढून गेले. मी तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन वर गेले, जांभळाखाली, आणि सगळ्यात वरच्या फांदीमागे हळूहळू ओतली. पाणी पाचोळ्यात शिरलं. मी खाली जाऊन कोब्याच्या कडेशी उकिडवी बसले, आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले. पाणी खाली आलं नाही.